इट्स की इट’स? इंग्रजीतली षष्ठी आणि जोडरूपं ओळखायची कशी

पाऊस पडतोय. उशीर झालाय. मी निघालोय. या तीन वाक्यांतले शेवटचे शब्द उकलून पाहिले तर आत ‘पडतो आहे’, ‘झाला आहे’, ‘निघालो आहे’ असे प्रत्येकी दोन शब्द सापडतात. बोलताना आपण ‘आहे’चा बराचसा भाग गिळतो, उरलेला तुकडा आधीच्या शब्दाला चिकटवतो आणि लिहितानाही तसंच लिहितो. कुठे काय गळलं याची खूण मराठी ठेवत नाही. इंग्रजीतही शब्द असेच गिळले जातात, पण तिथे गळलेल्या अक्षराच्या जागी वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी एक खूण टांगतात. तोच अपॉस्ट्रॉफी.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘सोऽहम्’ लिहिताना मधे जो अवग्रह येतो तो हेच काम करतो. ‘सः’ आणि ‘अहम्’ जोडताना ‘अहम्’मधला अ नाहीसा झाला, त्याची नोंद म्हणजे ऽ. अपॉस्ट्रॉफी हा इंग्रजीचा अवग्रह आहे, एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली तर या विषयातला निम्म्याहून जास्त गोंधळ मिटतो, असं माझं ठाम मत आहे.

उरलेला गोंधळ होतो तो त्याच खुणेला दुसरंही काम दिल्यामुळे. “सीमा’ज बुक” म्हणजे सीमाचं पुस्तक. इथे खूण मालकी दाखवते. मग विद्यार्थी सरळ हिशेब मांडतो: मालकी आली की अपॉस्ट्रॉफी, ‘त्याचा रंग’ ही मालकीच, म्हणून “इट’स कलर”. हिशेब तर्काला धरून आहे, आणि म्हणूनच हुशार विद्यार्थीही इथे चुकतात. त्यांना नुसतं “चूक” म्हणून लाल रेघ मारण्यापेक्षा तर्क नेमका कुठे घसरला ते दाखवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

पुढे जाण्याआधी लेखनाबद्दल एक खुलासा. इथे इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत, आणि ज्या शब्दात इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी येतो त्यात इथेही ’ ही खूण आहे. म्हणजे “इट्स” हा आय-टी-एस असा सलग शब्द, आणि “इट’स” म्हणजे आय-टी, मग खूण, मग एस. “युअर” म्हणजे वाय-ओ-यू-आर, “यू’र” म्हणजे वाय-ओ-यू, खूण, आर-ई. “देअर” म्हणजे टी-एच-ई-आय-आर, “दे’र” म्हणजे टी-एच-ई-वाय, खूण, आर-ई. “हूज” म्हणजे डब्ल्यू-एच-ओ-एस-ई, “हू’ज” म्हणजे डब्ल्यू-एच-ओ, खूण, एस. या चार जोड्या म्हणजे या विषयाचं मुख्य रणांगण. कानाला जोडीतले दोन्ही शब्द सारखेच लागतात, म्हणून कानावर भरवसा ठेवून चालत नाही. निर्णय डोळ्यांनी आणि अर्थाने करावा लागतो.

पहिली पायरी: मालक नाम आहे की सर्वनाम?

मराठीत ‘सीमा’ला ‘चा’ लावला की ‘सीमाचा’ होतं, ‘घर’चं ‘घराचा’ होतं. पण ‘मी’चं काय होतं? ‘मीचा’ नाही, ‘माझा’. ‘तू’चं ‘तूचा’ नाही, ‘तुझा’. नामांना प्रत्यय लागतो. ‘मी’, ‘तू’ यांची मालकीची रूपं मात्र आधीच घडवलेली तयार असतात, त्यांना वर आणखी ‘चा’ लावावा लागत नाही.

इंग्रजीने हीच वाट सगळ्या मुख्य सर्वनामांसाठी धरली आहे. नामाला खूण आणि एस लागतो: “सीमा’ज बुक”, “द टीचर’स टेबल”. सर्वनामांची रूपं तयार आहेत: माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर, हूज. वाक्यात एकटी उभी राहणारी रूपंही तशीच: माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स. यातल्या एकातही अपॉस्ट्रॉफी नाही. “युअर्स”, “हर्स”, “अवर्स”, “देअर्स” यांच्या शेवटी एस आहे, म्हणून हात खूण टाकायला शिवशिवतो, पण ती तिथे कधीच येत नाही. पत्राच्या शेवटी “युअर्स फेथफुली” लिहिताना ही चूक फार दिसते.

ज्यांना हे लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी एक सोपा आधार सांगतो. “हिज” म्हणजे एच-आय-एस. शेवटी एस आहे, अर्थ मालकीचा आहे, आणि तरीही त्यात खूण टाकावी असं कुणालाच वाटत नाही. “इट्स” हा “हिज”चा सख्खा भाऊ. शंका आली की दोघांना मनात शेजारी उभं करा. एकाला जी खूण नाही ती दुसऱ्यालाही नाही.

थोडी सर्वनामं मात्र नामासारखी वागतात. “वन’स” म्हणजे एखाद्याचं स्वतःचं, “समवन’स” म्हणजे कुणाचं तरी, “एव्हरीबडी’ज” म्हणजे सगळ्यांचं, “ईच अदर’स” म्हणजे एकमेकांचं. यांत खूण येते. मराठीतही ‘कुणाचा’, ‘सगळ्यांचा’, ‘एकमेकांचा’ हे शब्द ‘माझा’, ‘तुझा’सारखे न बदलता सरळ ‘चा’ घेतात, त्यामुळे ही यादी वेगळी पाठ करायची फारशी गरज पडत नाही.

दुसरी पायरी: उकलून बघा

खुणेच्या जागी गळलेली अक्षरं परत घालायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं. वाक्य टिकलं तर खूण हवी, कोसळलं तर नको. ही सगळ्यात भरवशाची कसोटी आहे आणि ती करायला चार सेकंदही लागत नाहीत.

“यू’र लेट” उकललं की “यू आर लेट” होतं. अर्थ लागला, खूण बरोबर. “यू’र लेटर” उकललं की “यू आर लेटर” होतं, म्हणजे ‘तू पत्र आहेस’. इथे “युअर लेटर”च हवं. “दे’र हाउस” उकललं की ‘ते घर आहेत’ असं काहीतरी हाती येतं, तेव्हा तिथे “देअर हाउस”.

“इट’स” उकलताना एक गोष्ट विसरली जाते. त्याच्या पोटात “इट इज” असू शकतं, तसंच “इट हॅज”ही असू शकतं. “इट’स बीन अ लाँग डे” हे वाक्य कुणी “इट इज बीन” असं उकलून बघतो, ते जमत नाही, आणि मग तो घाईने खूणच काढून टाकतो. म्हणून “इज” बसलं नाही तर “हॅज” घालून बघायचं आणि मगच निकाल द्यायचा. “हू’ज”लाही हेच लागू: “हू’ज देअर” म्हणजे “हू इज”, “हू’ज टेकन माय पेन” म्हणजे “हू हॅज”. काही वाक्यांत दोन्ही बसतात. “इट’स ब्रोकन” म्हणजे ते तुटलेलं आहे किंवा ते तुटलंय. अर्थात बारीक फरक पडतो, पण खूण दोन्हीकडे हवीच.

तिसरी पायरी: पुढचा शब्द

मालकीचा शब्द एकटा फिरत नाही, त्याला पुढे नाम लागतं. ‘त्याचा’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, त्याचा काय? “इट्स” नंतर म्हणूनच “कलर”, “नेम”, “रूफ” असं काहीतरी येतं. जोडरूपात क्रियापद आधीच दडलेलं असतं, त्यामुळे त्याच्या पुढे बहुधा विशेषण, “अ” किंवा “द”, “नॉट”, किंवा आय-एन-जीने संपणारा शब्द येतो. “अ” किंवा “द” दिसले की डोळे मिटून खूण टाका, “नॉट” दिसलं तरी बहुधा खूणच. मालकीच्या शब्दानंतर पहिले दोन लगेच येत नाहीत, आणि “नॉट”ही क्वचितच येतो.

विशेषणाच्या बाबतीत मात्र थोडं पुढे वाचावं लागतं. “इट’स ओल्ड” म्हणजे ते जुनं आहे. “इट्स ओल्ड रूफ लीक्स” म्हणजे त्याचं जुनं छप्पर गळतं. “ओल्ड” दोन्हीकडे आहे. पहिल्यात वाक्य तिथेच संपलं, दुसऱ्यात पुढे छप्पर आलं आणि त्या छपराचा मालक हवा झाला. विशेषण दिसलं की लगेच निकाल न देता पुढे नाम येतंय का ते बघायचं.

आय-एन-जीवाला शब्द तर याहून फसवा. “यू’र सिंगिंग वेल” म्हणजे तू छान गातेयस. “युअर सिंगिंग इज लव्हली” म्हणजे तुझं गाणं गोड आहे. “सिंगिंग” एकदा क्रियापद झालं, एकदा नाम. मराठीत पहिल्याचं ‘गातेयस’ होतं आणि दुसऱ्याचं ‘गाणं’, म्हणजे मराठी दोन वेगळी रूपं देते आणि इंग्रजी एकाच रूपावर भागवते. अशा वेळी माझा सल्ला असा की आय-एन-जीवाल्या शब्दाचं आधी मराठी करा. ‘-तोय, -तेय, -तायत’ असं आलं तर खूण. ‘-णं’ आलं तर षष्ठी. “आय नो यू’र वर्किंग हार्ड”: तू कष्ट करतोयस हे मला माहीत आहे. “आय ॲडमायर युअर वर्किंग सो हार्ड”: तुझं इतकं कष्ट करणं मला भावतं.

आभारांना उत्तर देताना म्हणतात ते “यू’र वेलकम”. इथे “वेलकम” हे विशेषण आहे, म्हणून “यू आर”. “युअर वेलकम” असं लिहिलं की ‘तुझं स्वागत’ एवढाच अर्धवट तुकडा होतो. तोच तुकडा “युअर वेलकम वॉज वॉर्म” या पूर्ण वाक्यात मात्र बरोबर आहे.

वाक्याचा शेवट ही आणखी एक कामाची जागा. “इट’स”, “यू’र”, “दे’र” ही होकारार्थी जोडरूपं वाक्याच्या शेवटी येत नाहीत. “आय नो व्हेअर दे आर” म्हणता येतं, पण शेवटचे दोन शब्द आकसून “दे’र” करता येत नाहीत, कारण शेवटच्या शब्दावर जोर पडतो आणि जोर पडलेला शब्द गिळला जात नाही. म्हणून वाक्य जर “देअर्स”सारख्या आवाजाने संपत असेल तर तो मालकीचा “देअर्स”च असणार. नकारार्थी रूपांना हा नियम लागू नाही. “आय कान’ट” म्हणून वाक्य खुशाल संपतं.

मराठी कसोटी, आणि ती कुठे फसते

मराठी वाचकाच्या हाती आणखी एक साधन आहे. वाक्याचं मराठी करा. शब्दाच्या जागी चा-ची-चे आले तर खूण नाही, ‘आहे’ किंवा त्याचा ‘-य’ आला तर खूण. ही कसोटी फक्त सर्वनामांसाठी आहे, हे विसरू नका. ‘सीमाचं’ मधे ‘चं’ आहे आणि तिथे खूण लागतेच.

कसोटी दोन ठिकाणी दगा देते. पहिलं ठिकाण ‘आपला’. “द कंपनी’ज ग्रोन अँड इट’स चेंज्ड इट्स नेम” या वाक्याचं मराठी ‘कंपनी वाढलीय आणि तिने आपलं नाव बदललंय’ असं होईल. मालकी कर्त्याकडेच परत येते तेव्हा मराठी ‘तिचं’ न म्हणता ‘आपलं’ म्हणते, आणि कितीदा तेही गाळून नुसतं ‘नाव बदललंय’ म्हणते. चा-ची-चे शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. तेव्हा यादीत ‘आपला-आपली-आपलं’ आणि ‘स्वतःचा’ हेही धरा. जाता जाता, हे वाक्य मी मुद्दाम निवडलं. त्यात “इट’स” आणि “इट्स” एकाच श्वासात येतात, आणि मराठीत ‘बदललंय’मधला ‘य’ पहिल्याचा साक्षीदार आहे, तर ‘आपलं’ दुसऱ्याचा.

दुसरं ठिकाण म्हणजे ज्याला काही अर्थच नाही असा “इट”. “इट’स रेनिंग”, “इट’स लेट”, “इट’स टू किलोमीटर्स फ्रॉम हिअर”. मराठीत ‘पाऊस पडतोय’, ‘उशीर झालाय’, ‘इथून दोन किलोमीटर’. त्यात ‘ते’ कुठेच नाही, आणि शेवटच्या वाक्यात तर ‘आहे’ही नाही. हवा, वेळ, अंतर यांच्याबद्दलच्या वाक्यात कसोटी शोधत बसू नका. वाक्य “इट”ने सुरू होत असेल आणि पुढे हवा किंवा वेळ असेल तर “इट’स”च.

जोड्यांविषयी थोडं अधिक

“देअर”ची खरं म्हणजे जोडी नाही, तिकडी आहे. तिसरा शब्द टी-एच-ई-आर-ई, अर्थ ‘तिथे’, उच्चार तोच. त्याच्या पोटात एच-ई-आर-ई म्हणजे “हिअर”, ‘इथे’, दडलेलं आहे. मराठीतही ‘इथे’ला त लावला की ‘तिथे’. मालकीच्या टी-एच-ई-आय-आर मधे एच-ई-आय-आर म्हणजे ‘वारस’ हा शब्द दिसतो, आणि वारस म्हटलं की मालमत्ता आली. “दे’र”मधे “दे” हा सबंध शब्द दिसतो आणि पुढे खूण. शब्दांच्या जन्माशी या युक्त्यांचा संबंध नाही, पण स्पेलिंग लक्षात ठेवायला त्या उपयोगी पडतात. याच घरातली एक छुपी जोडी म्हणजे “देअर्स” आणि ‘तिथे’वाला “देअर’स”. “द हाउस इज देअर्स” म्हणजे घर त्यांचं आहे. “देअर’स अ हाउस” म्हणजे एक घर आहे.

“हूज”कडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथे पुढच्या शब्दाची कसोटी मोडते. “हूज इज धिस?” म्हणजे हे कुणाचं? पुढे नाम नाही, “इज” आहे, तरीही शब्द मालकीचाच. उकलून बघितलं की “हू इज इज धिस” असे दोन “इज” एकापुढे एक येतात आणि चूक उघडी पडते. पुन्हा सांगतो, कसोट्या भांडायला लागल्या तर उकल करणारी कसोटी ऐकायची. “हू” माणसांसाठी असला तरी “हूज” वस्तूंनाही चालतो: “अ हाउस हूज रूफ लीक्स” म्हणजे ज्याचं छप्पर गळतं असं घर. हे चुकीचं आहे असं समजून वाक्य उगाच वळणावळणाचं करण्याची गरज नाही.

“हिज” आणि “ही’ज” यांत इंग्रजी उच्चार ऱ्हस्व-दीर्घाने वेगळा आहे. आपण बोलताना इकार एकसारखे करून टाकतो, म्हणून लिहितानाही घोटाळा होतो. “लेट्स” म्हणजे परवानगी देतो, “लेट’स” म्हणजे “लेट अस”, चला. नकारार्थी रूपांत खूण एन आणि टी यांच्या मधे येते, कारण गळलेला ओ तिथला आहे. “डू” आणि “नॉट” यांच्या सांध्यावर ती टाकणं चूक. “कुड’व्ह” हे “कुड हॅव”चं रूप आहे. ते कानाला “कुड ऑफ”सारखं लागतं आणि बरेच लोक तसंच लिहून मोकळे होतात. तिथे “ऑफ”चा काही संबंध नाही.

नामांचं काय?

नामाच्या बाबतीत खूण दोन्ही कामं करते, आणि इथे इंग्रजी खरोखरच संदिग्ध आहे. “द डॉग’ज बार्किंग” एवढेच शब्द कागदावर असतील तर ते ‘कुत्रा भुंकतोय’ असेल किंवा ‘कुत्र्याचं भुंकणं’ असेल. पुढे “अगेन” आलं तर पहिलं, “वोक मी अप” आलं तर दुसरं. खुणेकडे कितीही बघितलं तरी ते कळणार नाही, वाक्यच सांगेल. लिहिणाऱ्यासाठी यात दिलासा हा की दोन्ही अर्थांत खूण एकाच जागी येते, त्यामुळे चुकायला जागा नाही. नामाची खरी चूक होते ती अनेकवचनात. “बॉइज” म्हणजे मुलगे, इथे खूण नाही, कारण काही गळलेलंही नाही आणि मालकीही नाही. एका मुलाचं असेल तर खूण एसच्या आधी, अनेक मुलांचं असेल तर एसच्या नंतर. “चिल्ड्रन” हे आधीच अनेकवचन आहे आणि त्याच्या शेवटी एस नाही, म्हणून “चिल्ड्रन’स”, खूण एसच्या आधी. वर्षांच्या दशकांनाही खूण नको: 1990 नंतर सरळ एस.

“जेम्स”सारख्या एसने संपणाऱ्या नावांबाबत इंग्रजीतच दोन मतं आहेत. अमेरिकेत पुस्तकांसाठी वापरली जाणारी शिकागोची शैली खूण आणि आणखी एक एस लावते, तर असोसिएटेड प्रेसची वृत्तपत्री शैली नुसत्या खुणेवर थांबते. एक निवडा आणि लेखभर तीच पाळा.

पाट्यांवरून मात्र हा नियम शिकू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर “अर्ल’स कोर्ट” आणि “बॅरन्स कोर्ट” ही स्थानकं शेजारी शेजारी आहेत. पहिल्याच्या नावात खूण आहे, दुसऱ्याच्या नाही.

हे असं का झालं?

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत 16व्या शतकात आला, फ्रेंचकडून, आणि तोही गळलेल्या अक्षराची खूण म्हणूनच. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी ई-एस लावून होत असे. पुढे त्यातला ई बोलण्यातून गेला आणि त्याच्या जागी खूण आली. म्हणजे “सीमा’ज बुक”मधली मालकीची खूणसुद्धा मुळात अवग्रहच आहे. मला हे फार समाधान देणारं वाटतं: दोन नियम वाटत होते, मुळाशी एकच निघाला.

“इट्स” हा तर तसा नवा शब्द आहे. 16व्या शतकाच्या अखेरीपर्यंत वस्तूंसाठीही “हिज”च वापरत. 1611 साली निघालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतराच्या मूळ आवृत्तीत “इट्स” सापडत नाही. नवा शब्द रुळला तेव्हा लोक तो खूण घालून, “इट’स” असाच, बराच काळ लिहीत होते, आणि ही पद्धत 19व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. 1787 च्या अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या कलमातल्या दहाव्या विभागात राज्याच्या “तपासणी कायद्यां”चा उल्लेख आहे, तिथे ‘त्याचे’ या अर्थी खूण असलेला “इट’स” आहे. त्या काळी “इट इज”चं नेहमीचं जोडरूप “’टिज” होतं, त्यामुळे टक्कर फारशी होत नव्हती. “’टिज” मागे पडून “इट’स” पुढे आला, आणि मग दोघांपैकी एकाला खूण सोडावी लागली. ती मालकीच्या शब्दाने सोडली.

लिहून झाल्यावर

अर्ज, अहवाल, शोधनिबंध असं औपचारिक लेखन असेल तर जोडरूपं वापरूच नका, “इट इज”, “दे आर” असं पूर्ण लिहा. औपचारिक इंग्रजीत तसाही तोच रिवाज आहे, आणि त्याचा एक मोठा फायदा होतो. लिहून झाल्यावर सर्वनामाला चिकटलेली खूण कुठेही दिसली की ती चूक, “वन’स” आणि त्याच्या भावंडांचा अपवाद सोडून. विचार करायचं कामच उरत नाही.

अनौपचारिक मजकुरात शोधाच्या सोयीने खूण शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून उकला. मग खूण नसलेले “इट्स”, “युअर”, “देअर”, “हूज” शोधा आणि त्यांच्यापुढचं नाम शोधा. ही दुसरी फेरी लोक टाळतात, आणि निम्म्या चुका तिथेच लपलेल्या असतात. फोनचा कळफलक तुमच्या वतीने खूण घालतो किंवा काढतो, तेव्हा पाठवण्याआधी तो शब्द एकदा बघून घ्या.

आता हात साफ करून घ्या. “— लीव्हिंग — बॅग्ज ओव्हर —.” तिन्ही जागी एकच आवाज. पहिल्यापुढे आय-एन-जी आहे आणि मराठी ‘ठेवतायत’ येतं, म्हणून “दे’र”, दुसऱ्यापुढे नाम, म्हणून मालकीचा “देअर”, तिसरा ‘तिथे’. “— द पर्सन — फोन इज रिंगिंग?” पहिल्यापुढे “द” आहे, म्हणून “हू’ज”, दुसऱ्यापुढे “फोन”, म्हणून “हूज”. “द ट्री हॅज लॉस्ट — लीव्ह्ज.” झाडाने आपली पानं गाळली, ‘आपली’ दिसलं, म्हणून “इट्स”. “— बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग.” “इज” बसत नाही, “हॅज” बसतं, म्हणून “इट’स”. “धिस पेन इज नॉट माइन, — —.” पेन माझं नाही, तिचं आहे: “इट’स हर्स”, पहिल्यात खूण, दुसऱ्यात नाही.

शेवटचं वाक्य जाणूनबुजून अर्धं देतो: “द कमिटी सेज — फायनल”. इथे थांबलात तर समिती म्हणतेय की हे अंतिम आहे, आणि “इट’स” हवं. पुढे “डिसिजन इज रेडी” असे शब्द जोडा. आता समिती म्हणतेय की तिचा अंतिम निर्णय तयार आहे. मधली रिकामी जागा तीच राहिली, आणि तिथली खूण गेली.